तुमचे गाव किती जुने?

प्रश्न अगदी साधा होता, आणि विचारणाऱ्या बाईंच्या मनात काही वाकडे नव्हते. पण त्या एका प्रश्नाने मी असा खजील झालो की, तो खजीलपणा सामानाबरोबर घरी घेऊन आलो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चिरंजीव नोकरीनिमित्त युरोपात असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता इटलीला गेलो होतो. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तिकडची त्रिस्थळी यात्रा आटोपल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, गर्दी आता पुरे. दोन दिवस एखाद्या लहान गावात राहू." त्याप्रमाणे तोस्काना प्रांतातल्या वोल्तेर्रा नावाच्या, डोंगरमाथ्यावरच्या एका गावी आम्ही बिऱ्हाड टाकले. घरमालकीणबाई सत्तरीच्या. सकाळी कॉफी देऊन त्या आम्हांला गावची जुनी वेस दाखवायला घेऊन गेल्या. वेशीची कमान दोन हजार वर्षांहून जुनी, रोमन लोकांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांची. कमानीवर दगडाची तीन मुंडकी, ऊनपावसाने नाकडोळे झिजलेली.

बाईंनी सांगितलेली हकीगत अशी. १९४४ सालचा जून महिना. महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शत्रूची वाट अडवण्यासाठी ही वेस सुरुंगाने उडवून द्यायचे ठरविले. गावकऱ्यांनी विनवणी केली, "वेस उडवू नका, आम्हीच ती बुजवून देतो." सवलत मिळाली ती जेमतेम एका दिवसाची. मग गाव रस्त्यावर उतरला, रस्त्यातले फरशीचे दगड उपटले आणि ती कमान दगडांनी गच्च भरून टाकली. युद्धाची धामधूम सरल्यावर दगड पुन्हा रस्त्यात गेले. वेस अजून उभी आहे.

एवढे सांगून बाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "आणि तुमचे गाव किती जुने?"

चिरंजीव दुभाष्याचे काम करीत होते. मी म्हटले, "राजापूर. जिल्हा रत्नागिरी. खूप जुने आहे."

"खूप म्हणजे किती?"

"खूप," मी म्हणालो.

चिरंजीवांनी भाषांतर करण्याआधी माझ्याकडे पाहिले. "बाबा, एवढंच सांगू?"

एवढेच सांगण्याजोगे माझ्यापाशी होते! वोल्तेर्राच्या वेशीचे वय मी टिपणवहीत लिहून घेतले होते. आजोबांनी बांधलेले राजापूरचे घर कोणत्या साली उभे राहिले हे मला ठाऊक नव्हते.

त्या घराचीच गोष्ट पुढे आली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर राजापूरहून चुलतभावाचा फोन आला. घराला गिऱ्हाईक आले होते. जागेपेक्षा त्याला घराचे फणसाचे खांब, सागवानी तुळया आणि कोरीव दारे हवी होती. शहरात हॉटेले सजवायला असे सामान लागते म्हणे. वारसदार आम्ही अकरा. दहाजणांचा होकार आला होता. मीही फोनवर 'हरकत नाही' म्हणून मोकळा झालो होतो. आता सही करायला जायचे होते. तेव्हा सौ. म्हणाली, "सही करायचीच आहे, तर निदान गावं बघत बघत जाऊ. तिकडे त्या बाईनं विचारलं, उद्या नातवानं विचारलं तर काय सांगणार?"

वाचकहो, आपण कोकणात जातो म्हणजे काय करतो? गणपतीपुळ्याला दर्शन घेतो, किनाऱ्यावर पाय भिजवतो, मोदक नाहीतर मासे खातो, आमसुलांची पुडी बांधून घेतो आणि 'काय ती हिरवाई' म्हणत परततो. पूर्वी आगबोटीने जायचे तेव्हा बंदरे तरी ओळीने नजरेखालून जात. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे मुंबईपासून थेट मंगळूरपर्यंत सुरू झाली आणि फार मोठी सोय झाली. पण गाडी बोगद्यातून बोगद्यात जाते आणि कोकणचा इतिहास राहिला खाडीच्या काठाला. म्हणून आम्ही बेत केला तो खाड्यांच्या क्रमाने. वासिष्ठीवरचे दाभोळ, शास्त्रीवरचे संगमेश्वर आणि शेवटी अर्जुनेवरचे राजापूर.

माघातले दिवस. आंब्यांना मोहोर आला होता. खेडला गाडीतून उतरून दापोलीला जेवलो आणि उन्हे कलताना दाभोळला पोचलो.

दाभोळ म्हटले की आमच्या पिढीला आठवतो तो १९९० नंतर गाजलेला वीजप्रकल्प. गंमत अशी की, तो प्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या बाजूला. नाव तेवढे दाभोळचे! आज गावात दिसतात त्या मासेमारीच्या होड्या, बर्फाच्या गाड्या आणि वाळत घातलेली जाळी. पण पाचसहाशे वर्षांपूर्वी हे बहामनी आणि पुढे आदिलशाही राज्याचे मोठे बंदर होते. कऱ्हाडकडचा माल कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरे आणि वासिष्ठीतून खाली दाभोळला येई. समुद्रातून येत ते अरबस्तानातले घोडे. दख्खनच्या सुलतानांना लढाईला घोडा हवा, आणि आपल्या हवेत चांगला घोडा निपजेना. तेव्हा या खाडीच्या चिखलात घोडे उतरवून घेण्यावर राज्ये चालत.

पंधराव्या शतकात, १४७० च्या आगेमागे, अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन आपल्याकडे आला होता. चौलला उतरला, बीदरपर्यंत गेला आणि परतीच्या गलबतात बसला तो दाभोळहून. त्यानंतर तीसपस्तीस वर्षांनी आला लुदोविको दी वार्तेमा. हा इटलीतल्या बोलोन्याचा. त्याचे प्रवासवर्णन १५१० साली रोममध्ये छापले गेले, आणि त्यात दाभोळ आहे. हे मला कळले तेव्हा हसावे की रडावे ते समजेना. वोल्तेर्राच्या बाईंना मी सांगू शकलो असतो, "आमच्या जिल्ह्यातले एक गाव तुमच्या देशातल्या माणसाने पाचशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवले आहे!"

वार्तेमाने पाहिलेले दाभोळ मात्र फार दिवस टिकले नाही. पोर्तुगीजांचा विसरई फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचा मुलगा १५०८ साली चौलच्या लढाईत मारला गेला. त्याचा सूड घ्यायला आल्मेइदा दीवकडे निघाला, आणि वाटेत त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर त्याने दाभोळवर हात टाकला. कत्तल झाली, गाव जळाला. ज्यांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता असे कोष्टी, तांडेल, दुकानदार मेले.

खाडीकाठी उंच जोत्यावर काळ्या दगडाची शाही मशीद उभी आहे. मधोमध मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार. ही १६५९ च्या सुमाराची. तेथे बसलेल्या एका वृद्ध चाचांनी आम्हांला पायरीवर जागा करून दिली आणि कथा सांगितली. विजापूरची एक शाहजादी मक्केला निघाली. बरोबर मोठा लवाजमा, पुष्कळ खजिना. दाभोळला आल्यावर कळले, समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट आहे, जाणे धोक्याचे. परत फिरावे, तर यात्रेसाठी बाहेर काढलेले धन पुन्हा घरी कसे न्यायचे? मग तिने येथेच ही मशीद बांधविली.

"कहाणी खरी का, चाचा?" सौ.ने विचारले.

"खरी-खोटी अल्लाला माहीत, बाई," चाचा म्हणाले. "पण देवाच्या नावानं काढलेला पैसा परत कनवटीला लावू नये, एवढं त्यात खरं आहे."

जवळच चंडिकादेवीचे देऊळ आहे, तेही पाहिले. देवी खडकाच्या गुहेत. आत वाकून जायचे आणि समईच्या उजेडात दर्शन घ्यायचे. बाहेरच्या उजेडातून आत आलो की क्षणभर काही दिसत नाही. मग हळूहळू देवीचे रूप दिसू लागते. आमच्या या प्रवासाचेही तसेच झाले.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत मोटार चढवून खाडी ओलांडली, पलीकडे धोपाव्याला उतरलो आणि गुहागर-चिपळूणवरून संगमेश्वरला आलो.

संगमेश्वर हे एसटीच्या पाटीवरचे नाव. पाहायचे आहे ते जवळचे कसबा संगमेश्वर. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमाच्या आसपास एवढी जुनी देवळे पडली-उभी आहेत की, एखादे राजधानीचे शहर पुरात वाहून गेले आणि देवळे तेवढी मागे राहिली असे वाटावे. त्यांतले कर्णेश्वराचे देऊळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. काळ्या दगडाचे, शिलाहार-चालुक्यांच्या काळाची आठवण देणारे. सभामंडपात उभे राहून वर पाहिले तर छताच्या दगडात सोनाराने घडवावे तसे काम. भोवती चिटपाखरू नव्हते. एक आजी पारावर नातवाला भात भरवीत होत्या. या छताखाली फ्लॉरेन्समध्ये असते तर तिकिटासाठी तासभर रांग लागली असती, असे मी म्हटले. सौ. म्हणाली, "रांग नाही ते बरंच आहे. पण छप्पर गळतंय का ते बघायला तरी कोणी येत असेल ना?"

कसब्याचे नाव महाराष्ट्राच्या काळजात आहे ते वेगळ्या कारणाने. १ फेब्रुवारी १६८९. छत्रपती संभाजी महाराज येथे मुक्कामाला होते. औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून आंबा घाटाच्या अवघड वाटेने झपाट्याने खाली उतरला आणि अचानक चालून आला. म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. महाराज आणि कवी कलश हाती सापडले. ११ मार्चला महाराजांची हत्या झाली. चाळीस दिवसही पुरे झाले नाहीत. सह्याद्री चढायला-उतरायला इतका कठीण की, घाटावरून एवढ्या वेगाने कोणी येईल हे ध्यानीमनी नसावे. ज्या वाटांनी वैभव खाली उतरत होते, त्याच वाटांपैकी एकीने काळही उतरला.

२०२५ साली 'छावा' चित्रपट लागला आणि कसब्यात गाड्यांची रीघ सुरू झाली. सरकारने स्मारकाची घोषणाही केली. लोक येतात हे चांगलेच आहे. पण बहुतेक जण पुतळ्यासमोर छायाचित्र काढतात आणि कर्णेश्वराकडे न वळताच निघतात, असे तिथल्या चहावाल्याचे म्हणणे. "साहेब, रडायला येतात, बघायला नाय येत," तो म्हणाला.

रत्नागिरीत आम्ही एकच दिवस राहिलो. लोकमान्यांचे जन्मस्थान आणि स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते तेव्हाच्या खुणा सर्वांना ठाऊक असतात. त्या पाहून संध्याकाळी थिबा राजाच्या वाड्यावर गेलो. ब्रह्मदेशचे राज्य इंग्रजांनी १८८५ साली बुडविले आणि १८८६ मध्ये राजा-राणीला येथे आणून ठेवले. रत्नागिरीच का? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री; पळून जायला वाट नाही. ज्या किनाऱ्यावर एके काळी जगभरची गलबते लागत होती, तो किनारा एवढ्या अवधीत 'आडबाजूचा' म्हणून बंदिवान ठेवायच्या लायकीचा ठरला! वाडा १९१० साली पुरा झाला. १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला रंगूनमध्ये मरण यावे आणि ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला रत्नागिरीत, असा हा हिशेब. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या राजाच्या स्मृतीसाठी रत्नागिरीला येऊन गेले. आपल्या माणसाची आठवण ठेवून माणसे इतक्या दूरवरून येतात. मी मुंबईहून राजापूरला सत्तावीस वर्षांनी चाललो होतो, आणि तेही सही करायला.

रत्नागिरीहून राजापूर पासष्टएक किलोमीटर. महामार्ग आता नव्या उंच पुलावरून अर्जुना ओलांडून निघून जातो. गाडीवाल्यांना खाली गाव आहे हे कळतही नाही. कोकण रेल्वेचे 'राजापूर रोड' स्टेशन तर गावापासून चांगलेच लांब. आम्ही महामार्ग सोडला आणि खाली उतरलो. तीच अरुंद बाजारपेठ, तीच माड्यांची घरे, त्याच पाखाड्या. दर पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली यांचे पाणी जवाहर चौकात येते. दुकानदारांना त्याचे नवल नाही. माल वरच्या फळीवर चढवायचा, पाणी ओसरले की गाळ काढायचा आणि पुन्हा दुकान मांडायचे.

चुलतभाऊ दारात उभा होता. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. "या दादा, या वहिनी," म्हणून त्याने पायांवर पाणी घातले. वहिनींनी घावणे आणि नारळाच्या दुधातला गूळ पुढे केला. कागदांची पिशवी मी खुंटीला टांगली. "आधी गाव बघून घेऊ, मग सह्या," असे मी म्हटले. भाऊ हसला. "गाव काय बघायचंय? तुझंच तर आहे."

पण दाखविले त्यानेच, आणि मला कळले की या माणसाला सारे ठाऊक होते. विचारायला कोणी आले नव्हते, एवढेच.

इंग्रजांनी राजापुरास वखार घातली ती १६४९ च्या सुमारास. मुंबई बेट त्यांच्या हाती यायच्या कितीतरी आधी! घाटावरचा माल अणस्कुऱ्याच्या घाटाने उतरे, अर्जुनेच्या काठी तराजूत पडे आणि पडावांनी जैतापूरच्या मुखाशी जाई. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले असताना राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफेला हात घातला. महाराजांनी हे लक्षात ठेवले. १६६१ साली ते राजापुरावर आले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. कैदी सुटले ते १६६३ मध्ये. या नुकसानभरपाईची रडकथा इंग्रज वकील पुढे वर्षानुवर्षे गात राहिले; १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हाही राजापूरचा विषय त्याच्या झोळीत होता.

भाऊ आम्हांला नदीकाठी जुन्या धक्क्याच्या बाजूला घेऊन गेला. ओहोटी होती. जिकडेतिकडे दगडगोटे आणि गाळ. मधून पाण्याचा बारीक पट्टा, त्यात दोन बगळे.

"इथं गलबतं लागायची?" सौ.ने अविश्वासाने विचारले.

लागायची. १८८० साली इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात लिहिले आहे की, जिल्ह्यात अरबी जहाजे अजून थेट व्यापाराला येतात ती एका राजापूरलाच, पण मोठे जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच खाडीने गावाचा हात सोडायला सुरुवात केली होती. कारण समजायला सोपे आहे. सह्याद्रीच्या उतारावरची झाडे तुटली की पाऊस जांभी माती धुऊन नदीत आणतो. नदी जोरात धावते तोवर माती तिच्याबरोबर धावते. पण खाडीत समोरून भरती आली की प्रवाह थबकतो आणि माती तळाला बसते. दर पावसाळ्यात थोडी थोडी. इकडे गाळ वर येत गेला आणि तिकडे जहाजे मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागू लागले. मग मुंबई बंदर वाढले, आगगाडीने घाटावरचा माल परस्पर मुंबईला नेला, आणि मालापाठोपाठ माणसेही गेली. राजापूर मनीऑर्डरीवर जगू लागले. इटलीतल्या पिसाचेही हेच झाले. एके काळी दर्यावर राज्य करणारे ते शहर. नदीच्या गाळाने समुद्र मैलोन्‌मैल लांब गेला. पण पिसाला कलता मनोरा होता, म्हणून जग अजून तेथे जाते. राजापुराकडे कलते असे काही नाही. जे आहे ते सरळ उभे आहे, म्हणून कोणी पाहत नाही.

बंदर गेले, नाव मात्र मालाला चिकटून राहिले. राजापुरी पंचा अजून लोक मागून घेतात. सांगलीच्या बाजारातल्या एका जातीच्या हळदीला 'राजापुरी' म्हणतात. ती येथून जहाजात चढे म्हणून हे नाव, असे जुनी माणसे सांगतात.

दुपारी उन्हाळ्याचे गरम पाण्याचे झरे आणि जवळची गंगा पाहिली. कुंडे चौदा, आणि कोरडी होती. ही गंगा साधारणतः तीनएक वर्षांनी, कोणाला न कळवता येते, काही महिने राहते आणि तशीच न सांगता जाते. जमिनीच्या पोटात पाणी साठून एका पातळीला पोचले की वाकड्या नळीतून यावे तसे ते एकदम बाहेर पडत असावे, असे भूगर्भशास्त्राचे जाणकार म्हणतात. भाऊ म्हणाला, "चाकरमान्यांसारखी आहे. कधी येईल सांगता येत नाही. आली की सगळ्यांना आनंद." त्याने हे मला लावून म्हटले नव्हते. पण मला लागले.

रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बसलो. मी म्हटले, "इतकं जुनं गाव, इतकं जुनं घर. मोडायचं म्हणजे जिवावर येतं रे." आणि वोल्तेर्राच्या वेशीची गोष्ट मी मोठ्या भारावलेपणाने त्याला सांगितली.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, गोष्ट छान आहे. पण दगड उपटायला ती माणसं गावात होती ना? इथं कोण आहे? जुनं घर बघायला येणं वेगळं, जुन्या घरात राहणं वेगळं. दर मे महिन्यात कौलं परतायची. माकडं फोडतात ती बदलायची. वाळवी बघायची. गेल्या साली कौलांवर चढायला माणूस मिळेना, म्हणून मीच चढलो. पाय घसरला तो पन्हळीला धरून वाचलो. हिनं तेव्हापासून धसका घेतलाय. मला काय हौस आहे घर विकायची? पण तुम्ही सगळे म्हणणार 'विकू नको', आणि वर चढणार मी!"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते. बारा दिवस गावेच्या गावे पाहत मी मनात एकच खंत घोळवीत आलो होतो की, आमच्या लोकांना जुन्याची किंमत नाही. माझी किंमत देऊन झाली होती का? कर्णेश्वराचे छत नऊशे वर्षे टिकले ते त्याचा कोणाला अभिमान होता म्हणून नव्हे. दर पिढीत कोणीतरी दगडात उगवलेले पिंपळाचे रोप उपटले असेल, कोणीतरी झाडलोट केली असेल, दिवा लावला असेल. गाव नुसते जुने होत नाही. दर वर्षी कोणीतरी ते पुन्हा एक वर्ष जगवितो. त्या वर्षांची बेरीज म्हणजे गावाचे वय. आणि आमच्या घराच्या बेरजेतली शेवटची चाळीस वर्षे या एकट्या माणसाने घातली होती.

सकाळी सौ. माजघरात उभी राहून वर पाहत होती. "इकडे या," तिने हाक मारली. मधल्या तुळईवर, धुराने काळवंडलेली, बोटभर खोल कोरलेली अक्षरे होती. भावाने ओल्या फडक्याने ती पुसली. 'शके १८४३'. म्हणजे १९२१ साल. भाऊ म्हणाला, "ही तुळई मलबारातून गलबतानं जैतापूरला आली, तिथून पडावानं भरतीबरोबर वर आणली, असं आजोबा सांगायचे. तुला ठाऊक नव्हतं?" नव्हते.

त्या दिवशी मी मुंबईला आणि पुण्याला नऊ फोन केले. भांडणे झाली, थोडी जुनी उणीदुणीही निघाली. शेवटी ठरले ते असे : गिऱ्हाइकाला एक वर्ष थांबायला सांगायचे. कौलांचा आणि वाळवीचा खर्च अकरांनी सारखा वाटून घ्यायचा. दर मे महिन्यात एकेका घराने पाळीने राजापुरास येऊन राहायचे आणि कामावर उभे राहायचे. आणि भावाने छपरावर चढायचे नाही. पहिली पाळी आमची.

मे महिन्यात आम्ही गेलो. कौले परतायला लांज्याकडून दोन गडी आणले, त्यांच्या हाताखाली मी कौले देत होतो. तीन दिवसांत कंबर धरली. एकशे सदतीस कौले नवी घालावी लागली, हे मी मोजून ठेवले आहे. पहिल्या पावसाला भावाचा फोन आला, "दादा, माजघरात एक थेंब नाही."

वर्ष संपले म्हणजे काय होईल ते आज सांगता येत नाही. अकरांपैकी तिघांचा कल अजून विकण्याकडेच आहे, आणि त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. पिशवीतले कागद अजून कोरेच आहेत.

परवा चिरंजीवांना मी एक पत्र लिहून पाठविले आणि ते भाषांतर करून वोल्तेर्राच्या बाईंना पोचते करायला सांगितले. "आपण विचारले होते त्याचे उत्तर द्यायचे राहिले होते. आमचे गाव राजापूर. १६४९ च्या सुमारास इंग्रज तेथे दुकान मांडायला आले, तेव्हा ते चांगले नांदते बंदर होते. म्हणजे वय त्याहून जास्त. आमचे घर शके १८४३ मधले. यंदाच्या पावसाळ्यात ते गळले नाही."